तू लावलेली खिडकी

माय, आज सकाळी घरातल्या सगळ्या खिडक्यांची हँडलं बदलून झाली. पाच खिडक्या, त्यातली स्वयंपाकघरातली शेवटची. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी मनात बोलायची सवयही मोडली होती. पण आज जे कळलं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

दादाची मुलगी आता माझ्याकडे असते. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीत होती. तिला वाशिमला नर्सिंगला नंबर लागला, आता इथून, शिरपूरहून, रोज बसने जाते-येते. फोडणी टाकली की तिला ठसका लागतो. "आत्या, ही खिडकी तारेनं कशाला बांधून ठेवलीस?" असं तिने दोन-तीनदा विचारलं. हँडल जुनं झालंय, बदलून घेऊ, एवढंच मी म्हणत राहिले. बाकीच्या खिडक्यांची हँडलंही झिजलीच होती. एक तर हातातच यायचं. शेवटी वेल्डिंगच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं.

हे घर बांधताना तू एकच गोष्ट मागितली होतीस. दादा म्हणत होता मोठी बैठक काढू, मी म्हणत होते आत संडास-बाथरूम हवं, आणि तू सगळं ऐकून घेऊन म्हणालीस, "मले बाकी काई नको. गॅसपाशी खिडकी पाह्यजे. लय धूर खाल्ला." शाळेच्या पत्र्याच्या खोलीत शंभरावर पोरांची खिचडी तू ओल्या लाकडांवर शिजवलीस. घरी यायचीस तेव्हा तुझ्या लुगड्याला, केसांना, हाताच्या सुरकुत्यांनाही धुराचा वास असायचा. म्हणून ओट्याच्या वरच लोखंडी खिडकी बसवली, रस्त्याकडे उघडणारी. ती उघडून तू पोळ्या लाटायचीस, आणि देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या मोजायचीस. मधेच मला सांगायचीस, "आज गुजरातच्या दोन आल्या." त्या दिवसांत तुझ्याइतकी सुखी बाई मी पाहिलेली नाही. एवढंसं सुख, पण ते तुझ्या हक्काचं होतं.

मग ते सगळं सुरू झालं. आधी मांजर आलं. मी ड्युटीवरून परतले तर दुधाचं भांडं उपडं आणि खिडकी सताड उघडी. तू म्हणालीस, मी लावली होती. मी ओटा पुसून घेतला. मग एका पावसात ओट्यावर ठेवलेल्या कुरडया भिजल्या, दोन दिवस खपून केलेल्या. तेव्हा मी बोलले.

"मी लावली होती वं. या हातानं लावली, मले याद हाये."

"मंग काय वाऱ्यानं हँडल फिरवलं?"

असं मी म्हणाले होते, माय. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. तू पुन्हा उठून खिडकी लावून दाखवायला लागलीस, तर मी तुला बाजूला करून स्वतःच हँडल जोरात दाबलं. कचकन लागली. पल्ला ढकलून पाहिला, हलला नाही. "पाह्य, लागते का नाही?" म्हटलं. तू त्या खिडकीकडे बघत राहिलीस, आपल्याच माणसाने खोटी साक्ष द्यावी तशी.

मी नर्स. म्हाताऱ्या माणसांचं विसरणं मी रोज पाहत होते. जेवून उठून 'जेवायला द्या' म्हणणारे, स्वतःच्या मुलाला भाऊ समजणारे. त्यांच्या घरच्यांना मी समजावून सांगायची की असंच सुरू होतं, खिडकी-दारापासूनच. त्यामुळे मला वाटलं, मला कळतं. तू संध्याकाळची वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही शब्द न चुकता म्हणत होतीस, मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होते, आणि तरी ते मी हिशेबात धरलं नाही. अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, नातवंडांची नावं विचारली, तू सगळं बरोबर सांगितलंस. शंभर पोरांना तांदूळ किती, डाळ किती, तेही न विचारता सांगितलंस. ते हसून म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, तुमच्यासमोर ठीक असते, घरी बघा.

आणि मग तो उन्हाळ्याचा दिवस. दुपारभर वावधन सुटलं होतं, रस्त्यावरची धूळ आणि पाचोळा दारापर्यंत येत होता. मी लवकर सुटून घरी आले. उंबरठ्यातच गॅसचा वास. बैठकीत तू भिंतीला टेकून डुलकी घेतेस. आत जाऊन पाहते तर शेगडीचं बटण चालू, जाळ विझलेला, वर दुधाचं पातेलं, आणि खिडकी उघडी, पल्ला वाऱ्यावर आपटतोय. मी रेग्युलेटर बंद केला, तुला दंडाला धरून बाहेर ओढलं, आणि रस्त्यावर, चार लोकांसमोर ओरडले, "मराचं हाये काय तुले? मले बी जाळतं का?" तुझा पदर खांद्यावरून उतरला होता, तो तू आधी सावरलास. मग हळू आवाजात म्हणालीस, "दूध ठेवाच्या आंधी लावली होती वं खिडकी. वारं होतं म्हणून तं लावली." बघणाऱ्यांपैकी कुणीतरी 'वय झालं आता' म्हणालं. मी मान हलवली.

त्या दिवशी मी खिडकी तारेने बांधून टाकली. गॅसचा लायटर आणि काडीपेटी पर्समध्ये घालून ड्युटीवर न्यायला लागले. तुझ्यासाठी डब्यात पोळ्या, थर्मासमध्ये चहा. जिने गावाच्या पोरांना जेवू घातलं, तिला मी माझ्या घरात जाळ लावू दिला नाही. तू भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. त्याऐवजी तू हळूहळू माझ्यावर विश्वास ठेवत गेलीस. दाराची कडी लावून चार पावलं गेलीस की परत येऊन हात लावून बघायचीस. "मी गोळी घेतली काय वं?" असं विचारायला लागलीस, आणि ती तू घेतलेली असायची. दादा आला होता तेव्हाचं मला सगळ्यात जास्त आठवतं. तो दारात दिसताच तू सवयीने उठलीस, "चहा ठेवतो" म्हणालीस, ओट्यापर्यंत गेलीस, आणि तिथे थांबून माझ्याकडे वळून पाहिलंस. "ठेवू काय वं?" मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "जाऊ दे. तूच ठेव. मी विसरतो आता." दादाने डोळे पुसले. मला म्हणाला, तू आहेस म्हणून मायचं होतंय. त्यानंतर तू दोन वर्षं जगलीस.

आज मिस्त्री एकेक हँडल काढत शेवटी स्वयंपाकघरात आला. त्याने तार कापली, पल्ला उघडला, लावला, परत उघडला, आणि मला हाक मारली.

"ताई, इकडं या जरा. हे पाहा." त्याने हँडल खाली केलं. "लागली का नाही खिडकी?"

"लागली," मी म्हटलं.

त्याने एका बोटाने पल्ल्याला धक्का दिला. खिडकी उघडली.

"नाही लागली. अंदरचा चौकोनी छेद झिजून गोल झाला. हँडल फिरते, पण चौकटीत अडकणारी जीभ फिरत नाही. लावणाऱ्याले वाटते, लावली. लय जोर देऊन दाबलं तं अडकते जराशी, पण वारं आलं का सुटते."

मी विचारलं, हे कधीपासून असं असेल? इतकी वर्षं बंद होती, त्यामुळे खराब झालं असेल का? मला त्याने हो म्हणावं असं वाटत होतं. तो हसला.

"बांधलेली खिडकी कायले झिजन, ताई? हे तुमी बांधाच्या आंधीच मेलेलं होतं."

त्याला पाणी दिलं. त्याने नवं हँडल बसवलं, चार वेळा लावून दाखवलं, जुनी गोळा करून पिशवीत टाकली आणि भंगारात देऊ का विचारलं. मी द्या म्हटलं. तो गेल्यावर मी घरभर फिरले, मग तुझ्या खाटेच्या जागेपाशी येऊन बसले. सगळं आठवत गेलं आणि प्रत्येक ठिकाणी तू खरं बोललेली निघालीस. मांजराच्या वेळी, कुरडयांच्या वेळी, रस्त्यावर पदर सावरताना. तू एकदाही चुकली नव्हतीस. तुला विसरायला मी शिकवलं. एक पेचकस घेऊन मी तेव्हा दहा मिनिटं त्या खिडकीपाशी बसले असते, तर तू शेवटपर्यंत तुझ्या हातचा चहा प्याली असतीस.

माफी मागावी असं वाटत होतं, पण ती घेणारं कोणी नाही, आणि हे पत्रही कपाटातच राहणार. म्हणून निदान इथे खोटं लिहीत नाही. संध्याकाळी पोरगी कॉलेजातून आली. हात-पाय धुऊन तिने लगेच खिडकी उघडली, बाहेर डोकावून पाहिलं, खूश झाली. मग म्हणाली, "आत्या, पप्पांना विचारलं तर म्हणाले, आजी शेवटी शेवटी सगळं विसरायची, खिडकी उघडी ठेवायची, गॅस चालू ठेवायची. म्हणून ही बांधली होती ना?"

मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही. हो म्हणाले.