म्हाताऱ्या राजाचं नाणं

५ जानेवारी, रविवार
गेलं! डोळ्यांदेखत गेलं. ठाण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात अख्खी दुपार फिरले. शेवटच्या टेबलावर फ्रान्सच्या पंधराव्या लुईचं चांदीचं नाणं — म्हातारपणीचा चेहरा असलेलं! पर्समधून चष्मा काढेपर्यंत शेजारच्या उंच गृहस्थांनी ते घेऊनही टाकलं. कोलशेतचे सुदेशराव. माझं तोंड बघून म्हणाले, "विकनार नाय. पन बघायला या की घरी."

६ जानेवारी
माझे तिन्ही लुई टेबलावर मांडून बसले. एकावर गुबगुबीत पोर, एकावर डोक्याला पानांची माळ घातलेला तरणा, एकावर केसांना फीत बांधलेला पोक्त गृहस्थ. माणूस एकच. फक्त म्हातारा नाही माझ्याकडे.
आई-बाबा दोघंही पन्नाशीच्या आत गेले. मी एकटीच राहिले डोंबिवलीत. माझ्यासमोर कोणी म्हातारं झालंच नाही.

१० जानेवारी, शुक्रवार
गेले कोलशेतला. खाडीकडे तोंड असलेलं घर. पूर्वी यांची मिठागरं होती, आता चहूकडे टॉवर. सुदेशरावांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुला-सुनेजवळ असतात.
नाणं काचेच्या डबीत. सुटलेले गाल, हनुवटीखाली लोंबणारी कातडी. राजा असून कोणी झाकलं नाही! बघतच बसले. चहा गार झाला. सुदेशराव उठून दुसरा चहा सांगून आले.

१७ जानेवारी
आज त्यांनी नाणं हातात दिलं. आणि — खोटं आहे.
खऱ्याच्या काठावर उठावाची अक्षरं असतात, 'देवा, राजाला सांभाळ' अशा अर्थाची. इथे काठ गुळगुळीत. त्यावर ओतकामाची शिवण, कानशीने घासलेली. वागळे इस्टेटच्या प्रयोगशाळेत उभी नोकरी धातू तपासण्यात गेली माझी, बोटांना लगेच कळलं.
नाणं तसंच डबीत ठेवलं. सांगितलं, तर परत कशाच्या निमित्ताने यायचं?
"फुडल्या शुक्कारी याल ना?" त्यांनी विचारलं.
"येते," म्हटलं मी!

२० जानेवारी
पहाटे स्वप्न पडलं. राजा मिठागरात पाय सोडून बसलेला, अंगरखा गुडघ्यांपर्यंत वर खोचलेला. सगळीकडे पांढऱ्या राशी. मला म्हणाला, बस. बसले. पाणी कोमट होतं. दिवसभर तळव्यांना ते कोमट लागत राहिलं.

२४ जानेवारी
त्यांची सून ऐश्वर्या दारातच म्हणाली, "मावशी, पप्पा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत! आज जेवूनच जा हां."
जेवले. मग दुपारभर नाणं माझ्या तळहातावर होतं, पार गरम झालं. खाडीवरचं ऊन भिंतीवर हलत होतं. ते मिठाच्या गोष्टी सांगत होते, मी अर्धवट ऐकत, अर्धवट कुठेतरी. उठावंसंच वाटेना.
मध्येच म्हणाले, "खरं सांगा, कसा वाटतो राजा?"
"दमलेला," मी म्हटलं. भित्री!

२८ जानेवारी
सांगायला हवं. त्यांना अंधारात ठेवून तिथे बसणं जमणार नाही मला. शुक्रवार गेले तरी चालतील.
नाही, चालणार नाहीत. तरीही सांगायचं.

३१ जानेवारी
सांगितलं. मान खाली घालून, एका दमात.
सुदेशराव हसले. "मना म्हायत हाय. घेतलं त्याच रातीला कललं."
"मग बोलला का नाहीत?"
"बोललो असतो, तं तुम्ही परत आल्या असत्या?"