बाबांनी दाखवलेला पाइप

प्रिय दादा,

तुझी धाकटी बहीण हल्ली पगार घेऊन चिखल उपसते, हे वाचून तू हसशील. चार महिने आमची प्रयोगशाळा आपल्या ओढ्याच्या तळाचा गाळ तपासते आहे. उगमापासून खाली, दर अर्ध्या किलोमीटरला एक बरणी. बरण्यांवर चिठ्ठ्या डकवायला बाबाच बसायचे. पाणी वाहून जातं, पण काठावर माणसं काय करतात ते गाळात साचून राहतं. कुरणापाशी गाळ स्वच्छ निघाला, फळबागांखाली फवारणीचं तांबं, पुलाखाली टायरांचं जस्त. नवव्या बरणीत मात्र क्रोमियम इतकं निघालं, की यंत्र बिघडलं समजून प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला तपासणी पुन्हा करायला लावली.

नववी बरणी आपल्या गावच्या बंद कारखान्यामागची. तीस वर्षं बाबांनी तिथे नळांना क्रोमियमचा मुलामा दिला. दोन दिवस मी तो अहवाल बॅगेतच ठेवला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनीच विचारलं, "नऊ नंबरचं काय झालं?" मी आकडा सांगितला. ते अर्ध्या ताटावरून उठले आणि चपला घालून मला कारखान्यामागे घेऊन गेले. गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले, झुडपं बाजूला केली, काठाच्या मातीत गाडलेला पाइप दाखवला. "टाक्या धुतल्या की पाणी इथून जायचं. तपासायला आलेल्यांना दुसराच दाखवायचो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या ऑफिसात आले, नकाशावर पाइप स्वतः काढला आणि खाली सही केली. आता तिथला गाळ आणि काठची माती उपसून नेताहेत. बाबा रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात आणि न विचारता सल्ले देतात. मुकादम पार वैतागलाय. बाबांना इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं.

तू अठराचा असताना भर कारखान्यात त्यांना विचारलं होतंस, ओढ्यातले मासे कशाने मेले. त्यांनी कामगारांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी तू गेलास, आणि तुम्ही दोघं आजवर बोलला नाहीत. मीही तुलाच तापट म्हणत आले, माझंही चुकलं. आज त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. म्हणाले, "त्याला लिही. तो खरं बोलला होता, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं." जसंच्या तसं उतरवलंय. ते शेजारीच बसलेत आणि तुझा पत्ता बरोबर आहे ना, हे तिसऱ्यांदा विचारताहेत.

तुझीच,
चिखलातली छोटी