लास्ट किती?

२ नोव्हेंबर, रविवार

मिक्सर गेला! अठराशेला गेला!

हाच मिक्सर मी आधी जुनं सामान विकायच्या ॲपवर हजाराला टाकला होता, तर माणसं नमस्कारसुद्धा न करता विचारायची — लास्ट किती? पाचशेला द्या. एकानं तर तीनशे म्हटलं! काल चिडून किंमत बावीसशे केली. आज वडखळचा एक माणूस आला, घासाघीस करून चारशे पाडले आणि लढाई जिंकल्यासारखा हसत निघून गेला. हसू दे! त्याला मिक्सर नकोच होता, चारशे कमी करून हवे होते.

घटस्फोटानंतर रोह्याहून परत आलेलं माझं लग्नातलं सामान दीड वर्ष पडवीत पडलंय. कपाट, कॉट, वॉशिंग मशीन, भांडी. मी आणि बाबा त्याच्या कडेकडेनं चालतो. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून बाबांनी त्यावर ताडपत्री टाकलेली. आज एक कोपरा उघडा झाला.

४ नोव्हेंबर

लवकर जावी म्हणून कॉट दोन हजाराला टाकली. दिवसभरात एकच फोन. "एवढी स्वस्त? ढेकूण हायत काय?" उत्तर द्यायच्या आत ठेवलासुद्धा.

५ नोव्हेंबर

तीच कॉट, सहा हजार पाचशे. सारखे फोन! ढेकणांचं कुणी नाव काढलं नाही. संध्याकाळी गेली. जाताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट भूक लागली.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी आज घोळ घातला.

गागोद्याचं एक जोडपं कपाट बघायला आलं. मी थाप मारली — "संध्याकाळी आणखी एक जण येतोय हां बघायला." ही थाप माझ्या मैत्रिणीची, दिपिकाची. ॲप तिनंच घालून दिलंय, थापाही तिच्याच. तर आतून बाबा — "कोण येतोय गो? मला नाय सांगितलंस."

मेले मी!

वर बाहेर येऊन म्हणतात, "डावं दार कुरकुरतं. खालच्या कप्प्याला गंज हाय. नीट बघून घ्या." मी बाबांकडे असं बघितलं की दुसरं कुणी असतं तर आत पळालं असतं. त्या माणसानं दार उघडलं, कुरकुर ऐकली, पुन्हा ऐकली, आणि बायकोला म्हणाला, "माणूस खरं बोलतोय. घेऊन टाकू."

सांगितली त्याच किमतीला! एक रुपया न पाडता!

चहा पिताना बाबा म्हणाले, "किंमत तू सांग. खोड मी सांगनार." आणि हसले. दीड वर्षात या सामानाबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. मग उठून ताडपत्रीची घडी घातली.

१२ नोव्हेंबर

आज मी काय लिहिलं जाहिरातीत — "लग्न मोडलं, मशीन शाबूत. पाइप एकदा बदललाय. आठ हजार चारशे."

 दिपिकाचा लगेच फोन. "अगो, असं लिहितात काय कुठं!"

लिहितात! फोन गरम झालाय नुसता. आठ हजार म्हटलं की माणूस थेट सातवर येतो. आठ हजार चारशे म्हटलं की त्याला वाटतं, हिनं हिशोब करून ठरवलंय. मी कसलाही हिशोब केलेला नाही!

बहुतेक फोन बायकांचे. काहींनी मशीनचं विचारलंच नाही. "कसं जमलं तुला?" एवढंच. एक बाई बराच वेळ बोलली आणि शेवटी म्हणाली, "मशीन नको मला. तुझा आवाज ऐकायचा होता."

१६ नोव्हेंबर, रविवार

रोह्याला जाऊन आले! मशीन तिथल्या एका नर्सनं घेतली. शेजारच्या हरेशच्या टेम्पोतून नेली. निडी गाव मागे पडलं आणि मी खिडकीची काच वर केली — घटस्फोटानंतर पहिल्यांदाच त्या वाटेनं.

मशीन पोचवून बाजारात भाजी घेत होते, तर मागून कुणीतरी दंड धरला. सासूबाई! विशालची आई. आता भर बाजारात तोंड सोडणार म्हणून मी मान खाली घातली.

"जाहिरात बघितली गो तुझी. शेजारणीच्या मोबाईलवर."

मी पिशवी सावरली.

"लग्न मोडलं, मशीन शाबूत!" आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसले. त्या घरात मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. विशालनं ताट भिरकावलं की त्या खाली बसून मुकाट्यानं भात गोळा करायच्या. तेव्हा मला त्यांचा फार राग यायचा.

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्या शिलाई मशीनचं किती येईल?"

"खोड काय आहे तिला, आई?"

"मशीनला काय नाय. घराला हाय."

 पाच हजार सांगा म्हटलं, साडेचारच्या खाली येऊ नका. त्यांनी मान डोलावली आणि मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबून गेल्या.

२० नोव्हेंबर

भांडीही गेली, पडवी रिकामी! मी आणि बाबा मधोमध चटई टाकून जेवलो. बोललं की घुमतं. आमच्या रामवाडीतल्या बायका आपापलं सामान विकायला घेऊन यायचं म्हणतायत. बाबा म्हणाले, "बोर्ड लावूया काय?" मी ताट हातात घेऊन एक गिरकी मारली. आमटी सांडली!

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दारात रोह्याचा टेम्पो. मागे शिलाई मशीन आणि एक ट्रंक. पुढच्या सीटवर आई.

"मशीन विकायला नाय आणली," म्हणाल्या. "मी राहायला आलेय. विशालला सांगून निघालेय."

मी हात धरून त्यांना उतरवलं. ट्रंक मी आत घेतली, चहा त्यांनीच टाकला. हे लिहितेय, आणि स्वयंपाकघरातून त्या बाबांना विचारतायत — साखर किती?