जीव तयार केला म्हणे

१ मार्च, रविवार

कालच्या नोंदीत एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते, मग पुढचं.

काल लिहिलं की भाषण संपल्यावर सगळे हसत घरी गेले. वहिनी गेली नाही. ती मारुतीच्या सभामंडपात सतरंजीवर तशीच बसून होती. मुली सतरंजी गुंडाळत तिच्यापर्यंत आल्या तेव्हा उठली. मी बघितलं होतं. लिहिताना सोडून दिलं, कारण भाषण चांगलं झालं असंच लिहायचं होतं.

दुसरं म्हणजे माझं पहिलंच वाक्य. "माणसानं प्रयोगशाळेत जीव तयार केला आहे." माइकवर ऐकायला छान वाटलं, पण तसं ते बरोबर नाही. शास्त्रज्ञांनी जिवाणूची लिपी, म्हणजे डीएनए, रसायनांपासून जुळवली आणि दुसऱ्या एका जिवंत जिवाणूत घातली. मग तो जिवाणू नव्या लिपीप्रमाणे वागू लागला, एकाचे दोन झाले. लिपी त्यांची, पेशी आधीचीच. हे मी सांगितलं, पण शेवटी. तोवर चहा आला होता.

हायस्कूलच्या सरांनी विज्ञान दिनाला बोलावलं ते "गावची लेक, विट्याच्या कॉलेजात शिकवते" म्हणून. मी तासिकेवर आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

२ मार्च, सोमवार. होळी

गावात दोन दिवस हाच विषय. पारावरची माणसं मला बघून गप्प होत नाहीत, उलट आवाज वाढवतात.

"मास्तरीणबाई, वैरण न खाता दूध देणारी म्हस बनवा म्हणावं त्यास्नी."

"आणि शेण?"

"शेण ऱ्हाऊ द्या. शेण लागतंय."

शेजारच्या हौसाआत्यांनी होळीला नैवेद्य देता देता गाठलं. "पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिवती. आता हे सायेब लोक लिवायला लागलं. मग तिनं काय करायचं गं पोरी? घरी बसायचं?" त्या चिडल्या नव्हत्या. सटवाईचं खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की अर्चना मॅडम म्हणतात देव नाही. मी असं म्हटलं नव्हतं. मोठं स्पष्टीकरण लिहिलं, तीनदा तपासलं, पाठवलं. एक अंगठा आला. मग जत्रेच्या मंडपाची चर्चा.

४ मार्च, बुधवार

कॉलेज. बारावीची परीक्षा, म्हणून अकरावीचे दोनच तास. मागच्या बाकावरून प्रश्न: "मॅडम, त्या जिवाणूची जात काय धरायची? दाखल्यावर काय लिवायचं?" वर्ग हसला, मीही. दुसरी एक मुलगी मात्र गंभीर होती. "तो मेला तर त्याला मारलं असं म्हणायचं का?" तिला म्हटलं, उद्या सांगते.

संध्याकाळी चुलीपुढे वहिनी. आई गोठ्यात होती. वहिनी भाकरी थापत म्हणाली, माझ्याकडे न बघता, "वन्सं, येवढुश्या नाळंत पण ती लिपी असती का?"

मी म्हटलं, असते. प्रत्येक कणात असते.

"सगळी? त्याची सगळी?"

"हो, सगळी."

भाकरी तव्यावर टाकली. मी उठून वाळलेले कपडे काढायला गेले. दोरीपाशी पोचल्यावर लक्षात आलं की ती कशाबद्दल विचारत होती.

५ मार्च, गुरुवार

काल झोप नाही. नीट लिहून काढते.

गेल्या श्रावणात वहिनीचं बाळ गेलं. हृदयात दोष होता. सांगलीहून घरी आणल्यावर थोडेच दिवस राहिला. बारसं व्हायचं होतं. दादा सेलमला, सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानात. तो निघाला तेव्हा बाळ होतं, पोचला तेव्हा नव्हतं. आबा आणि चुलते ओढ्याकाठी पुरून आले. आमच्याकडे बारशाआधी गेलेल्याचं नाव ठेवत नाहीत, त्याच्याबद्दल बोलतही नाहीत. बायकांनी तिकडे जायचं नाही. आई म्हणाली होती, "इसरायचं म्हणूनच नाव ठेवत न्हाईत." झालं. तेव्हापासून घरात त्याला कुणी काहीच म्हणत नाही. "तवाचं", एवढंच.

त्याची नाळ पडली होती. वहिनीनं ती कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवली. आईला वाटतं, टाकली.

म्हणजे तिनं विचारलं ते त्या नाळेबद्दल. आणि मी दिलेलं उत्तर खरं आहे. तिथेच अडकले आहे. खोटं बोलले असते तर माफी मागता आली असती.

७ मार्च, शनिवार

वहिनी डोक्याला तेल लावून बसली होती. श्रावणानंतर पहिल्यांदा.

मला जवळ बसवून सांगू लागली. तिचं लहानपण सेलमचंच, वडिलांचं दुकान तिथे. शाळाही तिकडची. तामिळ वाचते, मराठी जेमतेम. म्हणाली, दुकानातला केर कधी बाहेर टाकत नसत. सोनं वितळवताना, घासताना बारीक कण उडतात, दिसतसुद्धा नाहीत. म्हणून झाडलेली माती डब्यात. हात धुतलेलं पाणी पिंपात. पायपुसणंसुद्धा फेकायचं नाही, जाळून राख ठेवायची. वर्षातनं एकदा ते सगळं भट्टीत घालायचं. "आणि सोनं निघतंय, वन्सं. काळ्या मातीतनं. मी डोळ्यानं बघितलंय. आईला वाटायचं, ह्यात काय असणार? आप्पा म्हणायचं, टाकू नगं फकस्त."

मग हळूच, "टाकली न्हाई म्हणून बरं झालं."

मी नुसतं "हं" म्हटलं. तिच्या वेणीचं टोक बांधून दिलं.

तिनं माझं सगळं भाषण ऐकलं होतं. पेशी आधीची असते तेही. तिनं ते आपल्या माहितीतल्या गोष्टीला जोडलं, आणि जोडलं तर किती नीट बसतं. नाळेतून तो परत मिळेल, यात गलाईवाल्याच्या लेकीला काहीच अशक्य दिसणार नाही.

९ मार्च, सोमवार

आई खूश. "अर्चे, तुझ्या भाषणानं कायतरी केलं बग. दोन भाकरी खाल्ल्या तिनं." आबांनाही सांगून झालं. आबा म्हणाले, "शिकल्यालं वाया न्हाई जात." आबांना सही करता येते, वाचता येत नाही. या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मी सांगितलं की ते खरं, असं सगळे धरून चालतात. पंचायतीचं पत्र, औषधाच्या बाटलीवरचं, टीव्हीतलं. मला या गोष्टीचा अभिमान होता. आज भीती वाटते.

वहिनी दुपारी भांडी घासताना गुणगुणत होती. तामिळ गाणं असावं.

मी हे काढून घेणार आहे. कधी ते माहीत नाही.

११ मार्च, बुधवार

दादाचा फोन. आधी आईशी, मग वहिनीशी, मग माझ्याशी.

"काय गं, तू तिकडं जीव बनवायला लागलीस म्हणं? हितं सेलमपतुर आलंय."

"मी नाही. शास्त्रज्ञांनी."

"बनवला म्हंजे काय केलं?"

सांगितलं, लिपी नवीन, पेशी जुनी. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आमच्यागतच की. लोक म्हंत्यात सोनं बनवतासा काय. आमी कुठलं बनवतोय, हाय तेच गाळतो. सोनं आदीच पायजे." दादा आठवीत शाळा सोडून गेला. मला तीन पानं लागली तेच.

मग आवाज उतरला. "आर्चे, ऐक. जत्रा झाली की तिला घेऊन यायचं म्हंतोय. खोली बघितलीया. खिडकी हाय, समोर झाड हाय. पण ती आत्ता नगं म्हणाली. मी यवढं मनानं जमवलं आणि ती म्हणती, हितंच थांबती, काम हाय. तिला काय काम?"

मला माहीत आहे काय काम. सांगितलं नाही. "मी बोलते तिच्याशी" एवढं म्हटलं.

"बोल. तुझं ऐकती ती."

हेच तर.

१२ मार्च, गुरुवार

वहिनीला विचारलं. परसात, आईच्या नजरेआड. ती म्हणाली, आत्याबाई, म्हणजे माझी आई, दुसऱ्या बाळाचं म्हणतात, दवाखान्यात जा म्हणतात. "आपलं हाय तेच मिळायचं असंल तर दुसरं कशाला? तो आला आणि दुसराच कोन मांडीवर असला तर त्याला काय वाटंल?"

मी "वहिनी" म्हटलं. पुढचं वाक्य तयार होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, "सांगलीला करत्यात का पुन्याला? काय तरी वरसं लागतील, व्हय ना? थांबाय माझी ना न्हाई."

वाक्य गिळलं.

१५ मार्च, रविवार

अकरावीतल्या मुलीला शुक्रवारी उत्तर दिलं. जिवाणू मेला तर खून नाही, पण तू विचारलंस ते बरं केलंस, असं काहीतरी. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे तुम्हाला माहीत नाही." बरोबर. वर्गात मला माहीत नाही म्हणता येतं. घरात नाही.

खरं तर घरात मला माहीत आहे. तो परत येणार नाही. उद्या नाही, वर्षांनी नाही. कुणी ती लिपी वाचली, पुन्हा जुळवली, अशक्यातलं अशक्य होऊन त्यातून मूल जरी झालं तरी ते दुसरंच मूल असेल. जुळ्या भावासारखं. हा गेलाच आहे. हे मी सहा ओळींत लिहू शकते. वहिनीला म्हणायचे शब्द अजून सापडत नाहीत. "तो" म्हणायचं का "बाळ" म्हणायचं, तिथेच थांबते.

आज हौसाआत्यांना विचारलं, सहज विचारल्यासारखं, की सटवाईनं लिहिलेलं कुणाला वाचता येतं का. म्हणाल्या, "वाचता आलं तरी पुसता येत न्हाई बाई. वाचून काय करायचं?" आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. का ठेवला कळलं नाही. त्यांनीही दोन पुरली आहेत, हे मला नंतर आईनं सांगितलं.

१८ मार्च, बुधवार

उद्या पाडवा. घर झाडायला काढलंय. वहिनी वरच्या फळीवरचे डबे पुसत होती, मी खालून देत होते. ती स्टुलावर.

"वन्सं, तुमी आठ दिस झालं माझ्या तोंडाकडं बघून बोलत न्हाईसा."

"तसं काही नाही."

"हाय तसं." डबा पुसला, ठेवला, दुसरा मागितला. "मलाबी डोळं हायीत. तुमाला काय तरी सांगायचंय आणि ते चांगलं न्हाई."

माझ्या हातात डाळीचा डबा. देता येईना, धरून राहिले.

"हे यायच्या आदी सांगा," वहिनी म्हणाली. हे म्हणजे दादा, जत्रेला येणार तो. "ते आल्यावर मला त्यांच्याबी तोंडाकडं बघायचंय. पण आज नगं. उद्याबी नगं. सणाचं नगं."

मी मान हलवली.

"द्या डबा."

दिला. मग बराच वेळ दोघीही काम करत राहिलो. मधेच म्हणाली, "त्याचे कान तुमच्या दादासारखं हुतं. तुमी बघितलं हुतं का?"

बघितले होते. सांगितलं, हो, वरून जरा दुमडलेले. ती हसली. श्रावणापासून या घरात तो कसा होता याविषयी झालेलं हे पहिलं बोलणं असेल.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी वहिनीनं उभारली. साडी तिची. कडुलिंब मला तिनंच भरवला, जास्तच. "गिळा की, वन्सं. तोंड काय करताय." आई हसली.

तिला किती कळलंय? सगळं, का थोडं, का काही नाही आणि नुसतीच शंका. विचारून कळणार नाही.

२१ मार्च, शनिवार

काय म्हणायचं याचा मसुदा पाच वेळा केला. सगळे भाषणासारखे होतात. "पेशी", "लिपी" काढून टाकले. मग फार थोडं उरतं. नाळेत आहे ते त्याचंच आहे, हे खरं होतं. त्यातून तो येणार नाही, हेही खरं आहे, ते मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. एवढंच.

आणि तिनं विचारलं की मग ही ठेवू का नको? पुस्तकात याचं उत्तर नाही. ठेव म्हणेन.

आईला आधी सांगावं का? नको. आई नाळ काढून घेईल. प्रेमानंच घेईल.

२२ मार्च, रविवार

दादाचं तिकीट झालं. पुढच्या रविवारी सकाळी पोचतोय. जत्रेसाठी बाहेरगावची गलाईवाली माणसं यायला लागली. गल्लीत तामिळ, मल्याळम, हिंदी ऐकू येतं. पोरं आपापसात त्याच भाषेत भांडतात.

त्यानं मला खोलीच्या खिडकीचा फोटो पाठवलाय. "तिला दाखव." दाखवला नाही. आधी ते, मग हा. उलट केलं तर लाच दिल्यासारखं होईल.

दिवस ठरवला. सोमवारी, मंगळवारी आई घरी. शनिवारी सांगायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी दादा दारात आणि हिचे डोळे सुजलेले. बुधवारी आई आटपाडीला मावशीकडे जाणार, मुक्काम करून गुरुवारी येणार. आबा रानात. मी रजा टाकली आहे. तासिकेचे पैसे जातील, जाऊ देत. म्हणजे बुधवार अख्खा आमचा, आणि मग रविवारपर्यंत तिचे तिला दिवस मिळतील. रडायला पुरतात का माहीत नाही.

ती "नगं सांगू" म्हणाली तर थांबेन का? नाही थांबणार. थांबले तर दादाला सांगावं लागेल, आणि ते तिच्या पाठीमागे होईल.

तिनं ओढ्याकडे नेता का म्हणून विचारलं तर, आईला न विचारता, नेईन. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे त्या दिवशी मागे सरायचं नाही.

बुधवार, २५ मार्च. आईची सकाळची एस.टी. गेली की सांगायचं.