गाडी अजून चालू आहे

माळवस्ती, ता. श्रीगोंदा
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

चि. गोरख,

तुला, सुकन्याला आणि चिमुकल्या संस्कृतीला माझे आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या दादांची तब्येत बरी आहे. हर्षलची पुण्यातली नोकरी चालू आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. थंडी सरली आणि दुपारचे पत्रे तापायला लागले आहेत.

वहिनीचं पत्र बघून तू चक्रावला असशील. खिशात फोन असताना हिला पोस्ट कुठून आठवलं, असं म्हणशील. गेल्या आठवड्यात तुला मी तीनदा फोन लावला आणि तीनही वेळा लिंबांच्या गप्पा मारून ठेवून दिला. तुझा आवाज आला की माझी जीभ आत ओढली जाते. कागद बरा, तो मध्येच ‘बोला वहिनी’ म्हणत नाही. शिवाय कागद जपून ठेवता येतो, चार लोकांना दाखवता येतो. हा तू हवं त्याला दाखव.

लिहायला बसले ती सुकन्यामुळे. तिच्यावर रागावू नकोस, तिनं चोरून फोन केला. लेक पाच महिन्यांची झाली आणि बापानं तिला एकदाही उचललं नाही, असं सांगत होती. पाळण्याशी वाकतोस, तिच्याशी बोलतोस, पण हात पाठीमागे बांधून. आणून मांडीवर ठेवली तर उठून उभा राहतोस. म्हणतोस, “माझ्या हातांचा भरवसा नाही. मी हिला कुठंतरी ठेवीन आणि विसरून जाईन.” गॅसचं बटण चार वेळा बघतोस. फुलांच्या दुकानाचं कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत जातोस. तिनं मला विचारलं, “वहिनी, तुम्ही वाढवलंय त्यांना. ते लहानपणापासून असेच विसरभोळे आहेत का?”

मी म्हणाले, “नाही गं. त्याच्याएवढा ध्यानाचा पोरगा आमच्या वस्तीवर दुसरा नव्हता.” पुढचं मला बोलवेना. दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. चुलीवर काही नव्हतं.

ते पुढचं लिहायला आज बसले आहे. पण आधी ट्रकचं सांगते. तुझा दिवाळीचा फोन आला की तू आधी गाडीची चौकशी करतोस आणि मग माणसांची.

गाडी अजून चालू आहे. लांब नाकाचा आपला तो ट्रक आता रस्त्यावर न्यायची सोय राहिली नाही. कागद कधीच संपले. विहीर ते माळ आणि माळ ते विहीर, एवढंच तिचं जग. उन्हाळा लागला की पाठीवर पाण्याची टाकी चढवायची आणि तू लावलेल्या लिंबांना पाणी घालून आणायचं. केबिनचा तळ गंजून गेला आहे. चालवताना पायाखालून ढेकळं पळताना दिसतात. क्लीनरकडचा दरवाजा दोरीनं बांधलेला असतो. रेडिएटर गळायला लागला की बाबाजान मिस्त्री त्यात मूठभर हळद टाकायला लावतात. हर्षल हसतो, म्हणतो, आई गाडीला आमटी पाजते. हसू दे. गळती थांबते.

चालवते मीच. ते शिकवलं बाबाजाननी. पहिल्याच दिवशी मी गाडी बांधावर चढवली आणि रडायला लागले, तर ते म्हणाले, “वैनी, बांद बी आपलाच हाय. गप मागं घ्या.” डिझेलमध्ये हवा धरली तर कोणता नट ढिला करायचा हे आता मला अंधारात चाचपूनही कळतं. गावातल्या बाया म्हणतात, पुष्पाबाई लई जिद्दीची. तुझ्या दादांना मात्र ती गाडी डोळ्यांसमोर नको असते. भंगारवाला तीनदा दारात आला, तीनदा मी त्याला पिटाळलं. पाइपलाइन टाक म्हणून हर्षल मागे लागला आहे. मी काही ना काही खुसपट काढते. पाइपलाइन झाली तर गाडीला काम उरणार नाही, आणि काम उरलं नाही की तुझे दादा तिला एक दिवससुद्धा ठेवणार नाहीत.

जिद्द वगैरे काही नाही रे त्यात. एका गुन्ह्यासाठी या घरानं दोघांना दोषी धरलं होतं, तुला आणि त्या गाडीला. तुला जाताना मी अडवलं नाही. निदान तिला तरी जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी बारा वर्षं करत आले.

आता सांगते. मध्ये थांबले तर हे राहूनच जाईल.

तो मार्चचा दिवस, तुझी सुपारी फुटायची होती. पाहुणे पारनेरहून निघाले होते. तू रात्रभर कारखान्यावर उसाच्या रांगेत होतास, गाडी खाली करून दिवस उगवताना आलास. सेल्फ बिघडलेला, म्हणून ती आपण घरापुढच्या उतारावरच उभी करायचो. ढकलायला माणसं नकोत, सोडली की आपोआप चालू व्हायची. हँडब्रेक नावालाच होता. गिअर टाकायचा आणि पुढच्या चाकाला दगड लावायचा, ही आपली रोजची रीत. तू गाडी लावलीस आणि मला म्हणालास, “वैनी, पाणी तापवा, अंग लई कडक झालंय.”

पाणी तापवायला मी बाहेर चूल मांडली. पाहुण्यांचंही पाणी तापवायचं होतं, म्हणून मोठा हंडा काढला. तीन दगडांतला एक मागच्या पावसात उलला होता. हंडा त्याच्यावर डुगडुगायला लागला. चांगला, चपटा, बसका दगड मला समोर दिसत होता. गाडीच्या चाकाखाली.

तो मी काढला, गोरख.

मला वाटलं, गिअर आहे ना. अर्ध्या तासाचं तर काम. पाणी तापलं की परत लावते. काढताना जोर लागला, उलथण्यानं खालची माती उकरावी लागली. गाडी हलली नाही. मी निर्धास्त झाले. जाळ घातला, तुला दोन बादल्या काढून दिल्या आणि पोळ्यांच्या कणकेत हात घातला. तू मोरीत अंघोळ करत होतास तेव्हा गिअर निसटला. इंजिन बंद, त्यामुळे आवाजही झाला नाही. तुझे दादा खाली हौदावर पाठमोरे, पाहुण्यांसाठी पाण्याचे हंडे भरत होते.

त्यापुढचं तुला माहीत आहे. ओल्या अंगानं तूच त्यांना उचललंस, तूच शेजारच्या जीपमध्ये घातलंस. नगरच्या दवाखान्यात गुडघ्यापासून पाय काढला.

संध्याकाळी मी कपडे न्यायला घरी आले. वस्तीवर कोणी नव्हतं. चुलीत तो दगड तसाच होता, एका बाजूनं काळा झालेला. मी तो उचलला आणि विहिरीत टाकला. सकाळी मी केली ती चूक होती. अशी चूक कोणत्याही बाईच्या हातून घाईत होते आणि लोक माफही करतात. संध्याकाळी जे केलं ते मी समजून उमजून केलं. मला भीती वाटली. पांगळा झालेला नवरा मला दारातून बाहेर काढील, बारा वर्षांच्या हर्षलला घेऊन मी कुठे जाऊ, असं वाटलं. दोन-चार दिवसांनी, सगळं जरा निवलं की सांगू, असं मनाला समजावलं. दोन-चार दिवसांची बारा वर्षं झाली.

तू काय काय बोललास ते मला शब्दान् शब्द पाठ आहे. पहिल्या दिवशी दवाखान्यात तू सगळ्यांना ओरडून सांगत होतास, “म्या दगड लावला हुता! आईची आन, म्या लावला हुता!” शेजारची गोजरबाई म्हणाली, “मंग दगड काय उडून गेला व्हय?” तिसऱ्या दिवशी तू माझ्याजवळ आलास. हळूच विचारलंस, “वैनी, तुमी अंगनातच हुता. म्या लावला हुता न्हवं?” मी म्हणाले, “माझं लक्ष नव्हतं.” आणि दादांनी तुला दारात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं, तू पिशवी घेऊन निघालास, तेव्हा उंबऱ्यापाशी म्हणालास, “नसंल लावला. रातीचं जागरन हुतं. नसंलच लावला.”

मी लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. सासूबाई सांगायच्या, दिराला भाऊजी म्हण. तुझी ती घसरती चड्डी बघून मला भाऊजी म्हणायला हसू यायचं, म्हणून गोरखच म्हणत राहिले. सासूबाई गेल्यावर तुला जेवू-खाऊ मीच घातलं. मी म्हणेन ते तुला खरं वाटायचं. म्हणून तू मला विचारायला आला होतास. तुझं ठरलेलं लग्न मोडलं, घर सुटलं, स्टिअरिंग सुटलं, याचं मला वाईट वाटायचंच. पण तिकडे तुझं बरं चाललं आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. सुकन्या बोलली तेव्हा कळलं की तुझी स्वतःच्या हातांवरची खात्रीच मी काढून घेतली आहे.

तिचा फोन आला त्याच दिवशी दुपारी मी तुझ्या दादांना सांगितलं. ते बाजेवर बसून लिंबं निवडत होते. मी सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग एवढंच विचारलं, “दगड कुटं हाय?”

“विहिरीत.”

त्यांनी कुबड्या घेतल्या आणि विहिरीपर्यंत गेले. बराच वेळ काठावर उभे होते. मी मागे गेले तर हातानंच थांब म्हणाले. दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. चहासुद्धा स्वतः केला, सांडला, पण मला करू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ट्रकपाशी गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. बोनेटवर हात ठेवून म्हणाले, “पाय माजा गेला त्याचं मला कवाच काय वाटंनासं झालंय. पर पोरगं माज्यासमोर आनभाका घेत हुतं आन म्या त्याच्या तोंडावर थुकलो. त्याचं काय करू?” आणि ते रडले. पाय काढला तेव्हा रडले नव्हते.

आता ते तुझ्याकडे शिर्डीला यायचं म्हणतात. एसटीत चढताना कुबड्यांचा त्रास होईल म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. मी त्यांना थांबवलं आहे ते एवढ्यासाठी की यायला सांगायचं की नाही हे तू ठरवायचंस. तू नको म्हणालास तर येणार नाहीत. मी तर तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात उभीच राहणार नाही.

काल वस्तीवरच्या चारही घरांत जाऊन मी हेच सांगून आले. बाबाजानच्या घरीही गेले. ते म्हणाले, “वैनी, लई उशीर केला तुमी.” गोजरबाईनं मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. ते बरोबरच आहे. पाहुण्यांच्या गावीही मी जाईन. ज्यांनी ज्यांनी तुला बेफिकीर म्हटलं, त्या प्रत्येकाला माझ्या तोंडून कळेल.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि ते मला स्वस्तात पडेल.

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. हे पत्र वाचून झालं की खाली ठेव आणि पाळण्याजवळ जा. तू त्या पहाटे दगड लावला होतास. दमलेला असताना, रात्रभर जागा असताना, न विसरता लावला होतास, आणि इतका घट्ट लावला होतास की मला उलथणं घ्यावं लागलं. तुझ्या हातून कधीच काही निसटलं नव्हतं. माझ्यावर रागवायला तुला जन्म पडला आहे. पोर मात्र रोज मोठी होते आहे. तिला उचल, गोरख. सुकन्याला शेजारी उभी करू नकोस. एकटा उचल.

खाली नुसतं नाव लिहिते. त्यापुढे वहिनी लावायचं की नाही, ते तुझं तू बघ.

पुष्पावती