मुलगा पोर्चमध्येच थांबला

विजयनगर, म्हैसूर

तीर्थरूप अंबूताईच्या पायांशी धाकट्या हयग्रीवाचा दंडवत.

तुझे गुडघे कसे आहेत? मंगळूरच्या दमट हवेत ते फार धरतात म्हणाली होतीस. भावोजींना नमस्कार. इथे आम्ही तिघं आज तरी जिवंत आहोत (हे विचार करूनच लिहिलंय). फोनवर बोललो असतो, पण आमच्या वेदवतीचे कान तिच्या आईवर गेलेत.

तू सुचवलेला मुलगा, व्यासराज, मागच्या महिन्यात वेदवतीला बघायला आला. आत मुलगी तयार, सुमित्राच्या चिरोट्या तयार, आणि हा पोर्चमध्येच मान वर करून उभा. मला वाटलं लाजतोय. तर म्हणाला, "काका, वर मिठाचं पाणी पडतं का?"

ताई, बोअरचं पाणी जड, म्हणून आम्ही गच्चीवर सॉफ्टनर बसवलाय. त्यात मीठ घालावं लागतं, आणि यंत्र धुतलं की ते खारट पाणी गच्चीवर वाहतं. हे त्याला पोर्चच्या छतावरच्या तांबूस डागावरून कळलं (सुमित्रा त्याला कबुतरांचं काम समजत होती). त्याची नोकरीच ती. मिठातलं क्लोराइड काँक्रीटमध्ये किती वेगाने शिरतं, याचं गणित तो कॉम्प्युटरवर मांडतो. ते सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीट फोडते. हे त्याने चिरोटी खात, अगदी मऊ आवाजात सांगितलं. मी कॉफीचा कप घेऊन पंख्याखालून उठलो.

पुढच्या रविवारी तो ड्रिल घेऊन आला. स्लॅबला भोकं पाडून वरची, मधली, खोलवरची पूड वेगवेगळ्या पुड्यांत भरली (पुड्या धरायला वेदवती होती). प्रयोगशाळेतून आकडे येईपर्यंत आम्ही नवरा-बायको दाराच्या चौकटीत उभं राहून जेवलो. पंखा लावायची भीती. सुमित्राने देव जिन्याखाली हलवले आणि शेजारी आपली चटईही घातली.

मग तो लॅपटॉप घेऊन आला आणि मीठ किती खोल गेलंय त्याची एक उतरती रेघ दाखवली. हॉलला अजून पुष्कळ वर्षं आहेत म्हणाला. पण पोर्चच्या कडेवरून पाणी खालच्या बाजूला ओघळतं, तिथे मीठ सळईला केव्हाच भिडलंय. "तिथे बसू नका, काका." मी रोज तिथेच पेपर वाचतो. मनात म्हटलं, सुम्मने, उगीच कॉम्प्युटरची रेघ ती, काँक्रीटला काय कळते? तरी भीतीपोटी खुर्ची आत घेतली आणि त्या जागी स्कूटर लावली (तिला गणित लागू नाही असं वाटलं).

गुरुवारी सकाळी मी आत पेपर वाचत होतो, तेव्हा बाहेर धाडकन आवाज झाला. पायरीएवढा तुकडा स्कूटरच्या सीटवर पडला होता. सीट फाटून आतला स्पंज बाहेर. सुमित्रा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

व्यासराज ऑफिस सोडून धावत आला आणि गवंड्याकडून टेकू लावून घेतले. माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा पांढरा. "गणित बरोबर आलं, काका, पण हात बघा माझे," म्हणाला. ते थरथरत होते. तेव्हाच ठरवलं, हा मुलगा हातचा जाऊ द्यायचा नाही.

आता खारट पाणी नळीने थेट गटारात जातं. आमच्यावर तुझा लोभ राहू दे, छताचाही राहू दे.

तुझा,
हयग्रीव

ता. क. मुलगी पसंत आहे की नाही हे त्याने अजून सांगितलेलं नाही. विचारायला मी घाबरतो. तू विचारशील?

ता. क. दुसरा. विचारू नकोस. वेदवतीने खांद्यावरून वाचलं. म्हणते, "अप्पा, ते आमचं पुड्या भरतानाच ठरलं."

ता. क. तिसरा. (ती आत गेल्यावर लिहितोय.) त्याचे आईवडील तुमच्याकडेच अगदी समुद्राला लागून, खाऱ्या वाऱ्यात राहतात ना? सणावाराला माझी मुलगी तिथेच जाणार. हळदीकुंकवाचं निमित्त काढून एकदा जा आणि छत नीट बघून ये. त्या घराचं गणित मांडलंस का, असं मी व्यासराजला विचारलं होतं. लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "धीर होत नाही, काका."