बाबांची पिवळी रेघ

दि. ४ मार्च

ती. आईस साष्टांग नमस्कार आणि चि. पाना यास आशीर्वाद,

पत्र दोघांना मिळून आहे. नमस्कार-आशीर्वाद आपापले उचलून घ्या.

बाबांच्या हाताखाली ज्यांनी एकदा तरी नट धरला, त्या सर्वांना उद्देशून मी हे लिहिते आहे. असे आता आपण तिघंच उरलो. आणि आपल्या तिघांची एक तक्रार फार जुनी आहे, ती आपण एकमेकांकडे कितीदा केली आहे: या घरात महत्त्वाची गोष्ट सगळ्यांत शेवटी कळते, आणि तीही परक्याकडून. परवा तेच झालं. मला ती टॅक्सीवाल्याकडून कळली.

आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची तपासणी होती. पाना, तू कामावर गेला होतास. मी बाबांची गाडी काढली, आईला बसवलं आणि निघाले. पहिल्याच गतिरोधकाला पुढच्या उजव्या चाकामागून हातोडी मारल्यासारखा आवाज आला. दुसऱ्याला परत आला. दवाखान्याच्या चढावर गाडीचं पोट खरडलं. अठरा वर्षं जो चढ ती मुकाट्याने चढत होती, त्या चढावर. मी उतरले. शेजारी उभ्या टॅक्सीवाल्याने विचारलं की बाई, गाडी खाली पडलेलं नाणं शोधते आहे का. म्हणाला, बुटक्या स्प्रिंगा घातलेल्या आहेत, दीड इंच तरी खाली आली आहे.

मी दवाखान्याच्या आवारात गुडघे टेकून चाकामागे वाकून पाहिलं. लालभडक नवी स्प्रिंग. फोनवर तू मला सांगितलं होतंस की जुन्या बसल्या आहेत, बदलाव्या लागतील. बदलणं आणि बुटक्या घालणं या दोन गोष्टी आहेत. निम्मं सांगितलेलं खरं हे अख्ख्या खोट्याहून हुशार असतं, पाना. त्याला वकील लागत नाही.

तरीही स्प्रिंगेचं मी पोटात घातलं असतं. पण तिथे चाक गाडीला जोडणाऱ्या वरच्या लहान दांडीच्या नटावर पिवळी रेघ होती. नटावरून बाहेर, धातूवर उतरलेली, शेवटी माझ्या हाताची ती छोटी शेपटीसुद्धा. आणि तो नट माझ्या दोन बोटांनी फिरला.

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये बाबांनी तीस वर्षं एक कायदा चालवला आणि तोच घरी आणला. एकाने आवळायचं, दुसऱ्याने पाना लावून तपासायचं, मग दुसऱ्यानेच रेघ मारायची. ज्याने आवळलं त्याच्या हातात ब्रश द्यायचा नाही. तू आवळायचास, म्हणून तर तुझं नाव पाना पडलं; रेघ माझी. पिवळी रेघ म्हणजे काय? आवळणाऱ्याशिवाय आणखी एका माणसाने हे पाहिलं आहे, अशी ती शपथ आहे. वाचनालयात मी चाळीस हजार पुस्तकं सांभाळते, पण जगातलं इतकं लहान आणि इतकं खरं वाक्य मला दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही. त्या वाक्याखाली तू माझी खोटी सही केलीस, आणि त्याच गाडीत मी टाके घातलेल्या डोळ्याच्या आईला बसवलं.

शिवाय आईच्या गुडघ्यांचं काय? इतक्या खालच्या सीटवरून तिने उठायचं कसं? शोभेसाठी तू एका म्हाताऱ्या बाईचे सांधे गहाण टाकलेस.

गाडी दवाखान्यातच ठेवली, आईला टॅक्सीने घरी आणलं, आणि तू यायच्या आत माझी बस पकडून निघून आले. समोर असते तर माझा आवाज चढला असता. जुन्या स्प्रिंगा परत चढव. पंचवीस तारखेला आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तोवर त्या गाडीत आई बसणार नाही.

लोभ आहे, म्हणूनच राग आहे. सध्या दुसराच जास्त आहे.

ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटी माझा घसा बसला. तुझी पत्रं वाचायला माइक लागतो, हे बाबा म्हणायचे ते खोटं नाही.

आधी कामाचं. त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेलो. उजवीकडच्या दांडीचा नट ढिला होता, डावीकडचाही. दोन्ही तिथेच आवळले. बाकीचे सगळे पाना लावून पाहिले, एकही हलला नाही. ढिले होते ते दोनच, पण दोन म्हणजे दोन. चूक माझी. रेघा मीच मारल्या, शेपटीसकट. त्याबद्दल आणखी काही विचारू नकोस.

आता कबुलीचं. जुन्या स्प्रिंगा बसलेल्या नव्हत्या. त्या ठणठणीत होत्या, शेडमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत. मी खोटं बोललो, कारण खरं सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हणालीस की ते आठ कारणांसह म्हणतेस. मला गाडी खाली हवी होती. एवढंच. चाक आणि मडगार्डमधली ती पोकळी मला लहानपणापासून मापात चुकलेल्या विजारीसारखी दिसते. टाइल्सच्या गोदामात दिवसभर दुसऱ्यांच्या फरश्या मोजतो. एक वस्तू मला माझ्या डोळ्याला बरी दिसेल अशी करायची होती. बाबांची गाडी बाबांची, रेघ तुझी, सीट आईची. माझं त्यात काय, तर तेल.

काम नीट केलं. जॅकवर भरवसा न ठेवता चारही बाजूंना स्टँड लावले. स्प्रिंग दाबायचा शिकंजा भाड्याने आणला. दाबलेल्या स्प्रिंगेसमोर आणि गप्प बसलेल्या बायकोसमोर तोंड नेऊ नये, हे बाबांचं वाक्य आठवून सगळं बाजूला उभं राहून केलं.

पण तुझ्या पत्रात एक शनिवार गळला आहे. तो मी लिहितो. सतरा फेब्रुवारी. मी तुला तीनदा सांगितलं होतं की गाडीचं काम काढतो आहे, दुसरे हात लागतील, ये. तू येते म्हणालीस. ब्रश धुऊन ठेवला होता. दुपारी बारा वाजता, गाडी स्टँडवर लटकलेली आणि माझे हात कोपरापर्यंत काळे असताना, तुझा फोन आला की कर्मचाऱ्यांची सभा अचानक ठरली आहे, तुला बोलायचं आहे. विषय काय, तर सहकाऱ्याला दिलेला शब्द. हे तूच सांगितलंस, मी बनवत नाही.

पंचवीसच्या आत जुन्या स्प्रिंगा परत चढवीन. तू म्हणतेस म्हणून.

लोभ असावा, निदान शिल्लक असेल तेवढा तरी.

पाना


दि. १२ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

नव्या डोळ्याने लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. ओळी सरळ आल्या तर डॉक्टरांचं श्रेय, वाकड्या आल्या तर माझं वय.

तुझ्या भावाने तुला काय लिहिलं ते त्याने मला दाखवलं नाही. पण परवा पाकीट चिकटवताना तो माझ्याकडे बघत नव्हता, तेव्हाच मी ओळखलं. रेघा त्याने मारल्या नाहीत. मी मारल्या.

त्या दिवशी तू येणार म्हणून तो सकाळपासून दारावर नजर ठेवून होता. अकरा वाजले तेव्हा मी स्टूल घेऊन गाडीजवळ बसले आणि म्हटलं, आण तो ब्रश. तो नको म्हणाला. म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, तुझ्या बापाने तो नियम माझ्या स्वयंपाकघरात बसून केला आहे, मला शिकवू नकोस. मग तो एकेक नट आवळायचा, झाला म्हणून सांगायचा, मी रेघ मारायची. तपासणं मला कुठलं जमतंय? पाना माझ्याने वळत नाही, ब्रश धरता येतो. आणि तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिवळं तेवढं दिसायचं. तुझ्या रेघेला शेपटी असते, हे मला अठरा वर्षं ठाऊक आहे. म्हणून शेपटीही काढली. वाटलं, तू आल्यासारखं दिसेल.

दांड्यांचे ते दोन नट त्याने मुद्दाम ढिले ठेवले होते. तुलाही आठवत असेल, ज्या जोडात रबर आहे त्याचा शेवटचा आवळा गाडी आपल्या चाकांवर उभी राहिल्यावर द्यायचा, लटकत्या गाडीला नाही. रेघ नसलेला नट म्हणजे राहिलेला नट, असं त्याचं पक्कं गणित. तेवढ्यात तुझा फोन आला. तो आत गेला. फोनवर तो तुला म्हणत होता की ठीक आहे, काही हरकत नाही. त्याची पाठ मला दिसत होती. मला वाटलं, निदान एवढं तरी आपण संपवावं, पोराला परत खाली वाकायला नको. मी त्या दोन्ही नटांवर रेघा ओढल्या. तो बाहेर आला, गाडी उतरवली, सगळीकडे फिरून पाहिलं, सगळीकडे पिवळं. त्याला वाटलं, झालं.

म्हणजे माझ्या डोळ्याला धोका झाला तो माझ्याच हाताने. त्याला बोलू नकोस.

आणि एक. माझ्या गुडघ्यांवर तू तीन ओळी लिहिल्यास. मला विचारलं असतंस तर एका ओळीत सांगितलं असतं. मी आधीच बुटकी. अठरा वर्षं त्या गाडीतून उतरताना माझा पाय जमीन शोधत लोंबकळायचा, आणि तुझे बाबा हात द्यायचे म्हणून मी कधी बोलले नाही. ते गेल्यापासून मी दाराला लटकून उतरत होते. आता पाय थेट टेकतो. उठताना थोडं लागतं, पण उठताना मला सगळीकडूनच लागतं.

लोभ पातळ करू नये. तुझा भाऊ चोवीस तारखेला जुन्या स्प्रिंगा चढवणार आहे. हे सांगून त्याने चारही चाकांकडे एकदा पाहिलं, मग आत जाऊन झोपला.

आई


दि. १६ मार्च

चि. पाना यास आशीर्वाद, आणि आईस नमस्कार.

आईचं पत्र आलं. मी ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत, पुस्तकांना पुठ्ठे घालायच्या टेबलाशी उभी राहून वाचलं. नंतर बसले.

माझा राग गेलेला नाही. तो गेला असं लिहिलं तर तेही निम्मं खरं होईल. तू स्प्रिंगांबद्दल मला फसवलंस. मग आईला पाठीशी घालायला दुसऱ्यांदा फसवलंस, आणि ते इतक्या प्रेमाने की त्यावर ओरडताही येत नाही. आईने माझी शेपटी काढली. ज्या दोन माणसांवर मी डोळे झाकून विसंबते, त्यांनी मिळून मला एका ढिल्या नटावर बसवलं. ही ठेच आहे आणि ती दुखते. सभेत मी फितुरीवर तासभर बोलू शकते. घरच्यांनी केली की शब्द सापडत नाहीत, हे मला या महिन्यात कळलं.

आणि आता माझं पान. त्या शनिवारी मी टाळ्या घेतल्या. दिलेला शब्द म्हणजे माणसाचा कणा, असं काहीतरी बोलले, लोक उभे राहिले. तेव्हा तू गाडीखाली होतास आणि तुझ्याजवळ माझ्याऐवजी एक मोतीबिंदूवाली बाई स्टुलावर बसली होती. माझी खोटी रेघ कोणी मारली, असं मी विचारत बसले. खरी मारायला कोण आलं नाही, हे विचारलं नाही. आईच्या गुडघ्यांच्या वतीनेही मी आईला न विचारता भाषण ठोकलं. अठरा वर्षं लोंबकळलेला तो पाय मी एकदाही पाहिला नाही, आणि मी मात्र या घरची तपासनीस.

जुन्या स्प्रिंगा वर्तमानपत्रातच राहू देत. कुठल्या ठेवायच्या हे तू आणि ज्या बाईचा पाय टेकतो ती, दोघं मिळून ठरवा. मला त्यात मत नाही. माझ्या तोंडून हे वाक्य कदाचित पहिल्यांदाच निघतं आहे, तेव्हा जपून ठेव.

पण बाकीचे नट तू पाना लावून पाहिलेस, ते घट्ट आहेत, हे मला पुरत नाही. तू आवळलेस आणि तूच तपासलेस. बाबांच्या हिशेबाने त्या गाडीचा एकही नट अजून कोणी पाहिलेला नाही. पंचवीसला आई त्याच गाडीतून जाईल, पण मी ते तपासून झाल्यावर. मी वीस तारखेला सकाळच्या पहिल्या बसने निघते. सभा आहे. सांगून टाकलं की मी नाही, आणि कारणही खरं सांगितलं: घरी नट आवळायचे आहेत. अध्यक्ष हसले. हसू देत.

मला नवी रेघ जुन्या रेघेवर मारायची नाही. खालची खोटी आहे हे आपल्या तिघांना कायम दिसत राहील. म्हणून, लोभ आहे तसाच राहावा असं तुलाही वाटत असेल तर मी पोचायच्या आत एवढं एकच काम कर. थिनरची बाटली उघड, फडकं घे, गाडीखाली शिर, आणि आईने काढलेल्या सगळ्या पिवळ्या रेघा, शेपट्यांसकट, पुसून टाक.

ताई